आसाचे दंतचक्र गुणोत्तर

मोटारगाडीच्या चालक आसावरील मोठ्या मुकुट चक्राच्या दात्यांच्या संख्येस त्याला फिरविणाऱ्या लहान पिनियनच्या दात्यांच्या संख्येने भागले असता जी संख्या येते, तिला आसाचे दंतचक्र गुणोत्तर किंवा थोडक्यात आस-गुणोत्तर म्हणतात. मुकुट चक्राला ४१ आणि पिनियनला ११ दाते असतील, तर हे गुणोत्तर ३·७३ येते. याचा अर्थ असा की, चाकांचा एक फेरा पूर्ण होण्यास प्रोपेलर दंडाला जवळजवळ पावणेचार फेरे घ्यावे लागतात. एंजिनाकडून दंतचक्र पेटीमार्फत आलेली गती येथे शेवटची कमी केली जाते व त्याच प्रमाणात परिपीडन, म्हणजे फिरविण्याचा जोर, वाढविला जातो. गाडी विकत घेताना एंजिन, रंग, टायर व आतील बैठका पाहिल्या जातात. आस-गुणोत्तर मात्र ओतीव लोखंडाच्या बंद घरात, तेलात बुडालेले असते आणि बाहेरून कोणत्याही प्रकारे दिसत नाही. सामान्य प्रवासी गाडीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या जुन्या, उंचावलेल्या पिकअप ट्रकच्या बाबतीत मात्र या एका संख्येवर गाडीची उपयुक्तता, तिच्या दंतचक्र पेटीचे आयुष्य आणि कधीकधी तिच्या अंतरमापकाची विश्वसनीयताही अवलंबून असते.

रचना : पिनियन आणि मुकुट चक्र यांची जोडी एकमेकींसाठी घासून तयार केलेली असते व ती नेहमी जोडीनेच बदलावी लागते. जुन्या गाड्यांत दोन्ही चक्रांचे अक्ष एकमेकांस छेदत असत. १९२०–३० या दशकात रॉचेस्टर (न्यूयॉर्क) येथील ग्लीसन वर्क्स या यंत्रनिर्मात्यांनी पिनियनचा अक्ष मुकुट चक्राच्या मध्याखाली नेणारी हायपॉइड दंतचक्रे प्रचारात आणली आणि पॅकार्ड कंपनीने ती आपल्या गाड्यांत वापरली. आता बहुतेक पिकअप ट्रकांच्या मागील आसात हाच प्रकार आढळतो. मुकुट चक्र ज्या घरावर बोल्टांनी बसविलेले असते, त्याच्या आत विभेदी दंतचक्रयोजना म्हणजे डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर काटावे लागते. तेवढी मोकळीक ही योजना देते. तिचा एक नियम पुढील तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : मुकुट चक्राचे फेरे हे नेहमी डाव्या व उजव्या चाकांच्या फेऱ्यांची सरासरी असतात. [⟶ दंतचक्र, मोटारगाडी].

दात्यांच्या संख्या सहसा अशा निवडतात की, त्यांना सामाईक विभाजक नसावा. ३९ व ११ (३·५५), ४१ व १२ (३·४२), ४१ व १० (४·१०), ४१ व ९ (४·५६), ३९ व ८ (४·८८) ही नेहमी आढळणारी उदाहरणे होत. त्यामुळे पिनियनचा एखादा दाता मुकुट चक्राच्या त्याच त्या दात्याला वारंवार न भेटता आळीपाळीने सर्वांना भेटतो आणि झीज सारखी होते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे आस-गुणोत्तर ४·८८ होते. युद्धानंतरच्या नागरी जीपला ५·३८, म्हणजे ४३ व ८ दाते देण्यात आले. गुणोत्तर जितके मोठे, तितका पिनियन लहान होत जातो व एका वेळी भार वाहणारे दाते कमी होतात. म्हणून फार मोठे गुणोत्तर हे ओढण्यास चांगले असले, तरी दणकटपणाच्या दृष्टीने ते फुकट मिळत नाही.

येथे शब्दांचा एक घोटाळा सांगणे अवश्य आहे. अमेरिकन कारागीर ४·५६ सारख्या मोठ्या संख्येच्या गुणोत्तराला ‘खालचे’ आणि ३·०८ सारख्या लहान संख्येच्या गुणोत्तराला ‘वरचे’ किंवा ‘उंच’ म्हणतात. कारण पहिल्यामुळे गाडी कमी वेगाची व अधिक ओढीची, दुसऱ्यामुळे अधिक वेगाची होते. जाहिरातीत ‘खालचे गिअर घातलेले’ असे वाचून एखादा नवखा ग्राहक लहान संख्या शोधू लागतो आणि नेमका उलटा निष्कर्ष काढतो. व्यवहारात प्रत्यक्ष संख्याच विचारावी, हे उत्तम.

उंची, टायर आणि गुणोत्तर : पिकअप ट्रक उंचावण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत सांगाडा व वरचे शरीर यांच्यामध्ये ठोकळे बसवितात. दुसरीत निलंबनाच्या कमानी, स्प्रिंगा व दांडे बदलून सांगाडाच आसांपासून वर उचलतात. दोन्ही पद्धतींत आस-गुणोत्तर बदलत नाही. ते निरर्थक होते ते नंतर बसविलेल्या टायरांमुळे आणि उंची वाढविण्याचा मूळ हेतू बहुधा मोठे टायर मावावेत हाच असतो. या हौसेचे टोक म्हणजे सेंट लुइस येथील बॉब चँडलर यांनी १९७४ च्या फोर्ड एफ-२५० पासून तयार केलेली ‘बिगफुट’ ही गाडी होय. टायर वाढत गेले, तसे मूळचे आस त्यांच्यापुढे टिकेनात आणि अखेर त्या गाडीला लष्करी ट्रकचे आस लावावे लागले.

टायर मोठा झाला की, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर जाते. म्हणजे आस-गुणोत्तर लहान केल्यासारखाच परिणाम होतो. मूळचे टायर ३० इंच व्यासाचे आणि गुणोत्तर ३·५५ असलेल्या गाडीस ३५ इंची टायर बसविले, तर तिचे परिणामी गुणोत्तर ३·५५ × ३० ÷ ३५ म्हणजे सुमारे ३·०४ होते. ही गाडी निघताना जड वाटते, चढावर दम टाकते आणि स्वयंचलित दंतचक्र पेटी असल्यास ती अतिगती व थेट गती यांच्यामध्ये सतत मागे-पुढे होत राहते. ०·७० अतिगती असलेल्या पेटीच्या गाडीत ताशी ६५ मैलांस (सुमारे १०५ किमी.) एंजिनाचे मिनिटाला मूळ १,८१० च्या आसपास फेरे होत असत, मोठ्या टायरांनंतर ते सुमारे १,५५० वर येतात. चढावर किंवा मागे ओढगाडी असताना एवढ्या कमी फेऱ्यांवर एंजिनाला भार पेलत नाही. परिपीडन परिवर्तकाची कुलूप-क्लच सुटते, तेल तापते आणि तापलेले तेल हेच स्वयंचलित पेटीच्या अकाली अंताचे नेहमीचे कारण असते. हातपेटीच्या गाडीत हाच भार क्लचवर पडतो. मूळची चाल परत मिळविण्यासाठी ३·५५ × ३५ ÷ ३० म्हणजे ४·१४ गुणोत्तर हवे. बाजारात मिळणाऱ्यांपैकी ४·१० हे त्याच्या सर्वांत जवळचे होय. मोठे टायर जडही असतात व उंच गाडीला वाऱ्याचा विरोध वाढतो, म्हणून पुष्कळ जाणकार एक पायरी पुढे जाऊन ४·५६ घेतात. त्या गुणोत्तराने ६५ मैलांस एंजिनाचे फेरे १,९९० च्या सुमारास येतात. वजन ओढण्यासाठी गाडी घेणाऱ्यास हे मानवते. रोज महामार्गावरून एकट्याने जाणाऱ्यास ४·१० अधिक बरे.

गुणोत्तर बदलण्याचे काम मात्र खर्चाचे व कसबाचे आहे. पिनियनची खोली, दोन चक्रांमधील मोकळीक आणि बेअरिंगांवरील पूर्वताण हे सर्व पातळ चकत्या घालून जुळवावे लागतात व दात्यांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहावा लागतो. काही आसांत एका मर्यादेपलीकडे गेल्यास विभेदी योजनेचे घरही बदलावे लागते, उदा., डेना ४४ या प्रकारात ३·७३ पर्यंतच्या व ३·९२ पासून पुढच्या जोड्यांना वेगवेगळी घरे लागतात. चारचाकी चालनाच्या गाडीत हे सर्व दोनदा, पुढे आणि मागे, करावे लागते. त्यामुळे असे होते की, उंची वाढविली जाते, टायर घातले जातात, छायाचित्रे काढली जातात आणि गुणोत्तर बदलण्याच्या वेळी पैसे संपलेले असतात. गाडी काही महिने तशीच चालविली जाते व मग विकायला निघते. याउलट एखाद्या जाणत्या मालकाने दोन्ही आस नीट बदललेले असतात. पण ते काम दिसत नसल्याने त्याची किंमत त्याला मिळत नाही. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर सारख्याच दिसतात.

कागदपत्रे व खुणा : अमेरिकेत कारखान्याने घातलेल्या गुणोत्तराची नोंद बहुधा गाडीवरच मिळते. जनरल मोटर्सच्या अनेक वर्षांच्या पिकअपमध्ये हातमोजे-कप्प्यात सुट्या भागांच्या संकेतांचे लेबल असे. त्यात ‘जीयू ४’ म्हणजे ३·०८, ‘जीयू ६’ म्हणजे ३·४२, ‘जीटी ४’ म्हणजे ३·७३ आणि ‘जीटी ५’ म्हणजे ४·१०. ‘जी ८०’ हा संकेत कुलूपबंद होणाऱ्या डिफरन्शियलचा. फोर्ड गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरील प्रमाणपत्र-लेबलावर आसाचा दोन अक्षरी संकेत असतो. एफ-१५० मध्ये ‘एच ९’ म्हणजे मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलसह ३·५५. याशिवाय डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टाखाली पत्र्याची लहान पट्टी असते व तीवर गुणोत्तर कोरलेले असते. फोर्डच्या पट्टीवर ‘३’ व ‘५५’ यांच्यामध्ये ‘एल’ हे अक्षर असल्यास डिफरन्शियल मर्यादित घसरणीचे समजावे. डेना कंपनीच्या आसांच्या नळीवर सामग्री-यादीचा क्रमांक ठोकलेला असतो व त्यावरून मूळ गुणोत्तर काढता येते.

ही सर्व साधने एकच गोष्ट सांगतात : गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा काय होते. पुढे आसात काय घडले, याची दाराच्या चौकटीला खबर नसते. झाकण उघडताना पट्टी हरवलेली असू शकते, जुनीच पट्टी नव्या दंतचक्रांवर परत लावलेली असू शकते, किंवा भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा अख्खा आसच बसविलेला असू शकतो. उंचावलेल्या गाडीत यांपैकी काही झाले असण्याचा संभव साध्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक. म्हणून लेबल वाचावे, टिपून ठेवावे, पण त्यावर किंमत ठरवू नये. विक्रेत्याकडे दंतचक्रांच्या खरेदीची पावती असल्यास तिला लेबलापेक्षा अधिक वजन द्यावे. तरीही पावती दंतचक्रे विकत घेतल्याचा पुरावा असते, बसविल्याचा नव्हे.

फेरे मोजण्याची पद्धती : खात्रीची व बिनखर्चाची पद्धत म्हणजे चाक हाताने फिरवून प्रोपेलर दंडाचे फेरे मोजणे. तिच्यासाठी जॅक, भक्कम टेकू, खडू आणि एक मदतनीस एवढे पुरते. तथापि ही पद्धत वाटते तितकी निर्धोक नाही. मागील एक चाक उचलले की, दंतचक्र पेटीतील ‘पार्क’ ही अडण निरुपयोगी होते; कारण ती प्रोपेलर दंडाला धरून ठेवते आणि डिफरन्शियल उचललेल्या चाकाला उलटे फिरू देऊन टेकलेल्या चाकाला मोकळे करते. शिवाय चाक फिरवायचे तर पेटी तटस्थ स्थितीत हवी व हातब्रेकही सोडलेला हवा. म्हणजे गाडीला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून जागा सपाट व टणक घ्यावी. पुढील दोन्ही चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. आसाच्या नळीखाली टेकू द्यावा आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. उंचावलेल्या गाडीचा आस मोठ्या टायरांमुळे जमिनीपासून अधिक वर असतो व नेहमीचा जॅक पुरत नाही. अशा वेळी विटा वा फळ्या रचून उंची साधण्याचा मोह होतो, तो टाळावा.

प्रथम डिफरन्शियलचा प्रकार ठरवावा लागतो. मागील दोन्ही चाके उचलून, प्रोपेलर दंड मदतनिसाने धरून ठेवला असता, एक चाक हाताने फिरविल्यास दुसरे उलट दिशेने फिरले, तर डिफरन्शियल साधे समजतात. दंड मोकळा असताना दोन्ही चाके एकाच दिशेने फिरली, तर ते मर्यादित घसरणीचे किंवा कुलूपबंद असते. पण या परीक्षेवर पूर्ण विसंबता येत नाही. मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमधील चकत्या झिजल्या की, ते साध्यासारखे वागू लागते. जनरल मोटर्सचे ‘जी ८०’ हे कुलूप चाकांच्या वेगांतील फरक बराच वाढल्यावरच लागते, त्यामुळे हाताने फिरविताना ते साधेच वाटते. मोजणीसाठी याची अडचण नाही. जे जसे वागते, तसे मोजावे.

साध्या डिफरन्शियलसाठी एकच मागील चाक उचलतात व दुसरे जमिनीवर टेकलेले ठेवतात. टायरवर आणि त्यासमोर जमिनीवर खडूची खूण करतात. प्रोपेलर दंडावर एक खूण करून तिच्यासमोर सांगाड्याला बांधलेली तार किंवा काडी दर्शक म्हणून ठेवतात. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरविले असता दंडाचे जितके फेरे होतील, तितके आस-गुणोत्तर. दोन फेरे का, याचे उत्तर वर दिलेल्या सरासरीच्या नियमात आहे : एक चाक स्थिर असल्याने दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत मुकुट चक्राचा एकच फेरा होतो. हा नियम न जाणणाऱ्याची फजिती ठरलेली. तो चाक एकदाच फिरवितो, दंडाचे पावणेदोनच्या आसपास फेरे भरतात आणि एवढे लहान गुणोत्तर पिकअपला असूच शकत नाही म्हणून तो गोंधळून जातो. मर्यादित घसरणीच्या वा कुलूपबंद डिफरन्शियलमध्ये दोन्ही मागील चाके उचलावी लागतात. तेथे दोन्ही एकदमच फिरत असल्याने चाकाचा एक फेरा पुरेसा होतो.

मोजण्यापूर्वी चाक थोडे त्याच दिशेने फिरवून दात्यांमधील व सार्वत्रिक सांध्यांमधील सैलपणा काढून टाकावा. खुणा त्यानंतर जुळवाव्यात. दंड साडेतीन फेऱ्यांच्या किंचित पुढे थांबला, तर ३·५५. पावणेचारच्या किंचित अलीकडे थांबला, तर ३·७३. चाराच्या थोडा पुढे, तर ४·१०. साडेचारच्या थोडा पुढे, तर ४·५६. ३·५५ आणि ३·७३ यांच्यामध्ये दंडाच्या खुणेत सुमारे ६५ अंशांचा फरक पडतो, तो डोळ्यांना सहज दिसतो. ३·४२ व ३·५५ यांच्यात तो ४६ अंशच असतो. शंका राहिल्यास दहापट मोजावे : साध्या डिफरन्शियलमध्ये चाकाचे वीस फेरे, कुलूपबंदमध्ये दहा. तेव्हा पहिल्या गुणोत्तराला दंडाचे ३४ फेरे व थोडे अधिक, दुसऱ्याला साडेपस्तीस होतील. पाच मिनिटे अधिक जातात, पण वादाला जागा उरत नाही.

झाकण उघडून दाते मोजणे किंवा मुकुट चक्राच्या कडेवर ठोकलेले आकडे वाचणे हा याहूनही निर्णायक मार्ग होय. ‘४१-१०’ असे आकडे दिसले, तर ४·१० हे उघडच आहे. मागे झाकण असलेल्या आसात हे तासाभराचे काम असते. फोर्डच्या ९ इंची आसाला मात्र मागे झाकणच नसते, त्याचा दंतचक्रांचा गाभा पुढून काढावा लागतो. परक्याच्या गाडीचे तेल काढून झाकण उघडण्यास विक्रेता सहसा तयार होत नाही. तो तयार झाला, तर केवळ आकडे वाचून थांबू नये. तेलातील धातूचा चुरा, दात्यांच्या टोकांवरील खवले, एकाच बाजूला सरकलेला झिजेचा पट्टा या गोष्टी त्याच वेळी पाहाव्यात. दंतचक्रे चुकीच्या मोकळिकीने बसविलेली असतील, तर योग्य गुणोत्तरही फार दिवस टिकत नाही.

रस्त्यावरील चाचणी : फेरेमापक असलेल्या गाडीत चालवून गुणोत्तर काढता येते, असे सांगितले जाते. तत्त्व बरोबर आहे. थेट गतीत, म्हणजे पेटीचे गुणोत्तर १ असताना, एंजिनाचे मिनिटाचे फेरे भागिले चाकाचे मिनिटाचे फेरे म्हणजे आस-गुणोत्तर. अडचण आहे ती चाकाचे फेरे ठरविण्यात. टायरच्या बाजूवर लिहिलेला व्यास हा हवा भरलेल्या, पण वजन न पडलेल्या टायरचा असतो व पुष्कळदा कागदावरचाच असतो. उदाहरण घेऊन पाहू. ३५ इंची टायरचा परीघ नावाप्रमाणे २७९ सेंमी. भरतो, पण गाडीखाली तो दबतो आणि एका फेऱ्यात प्रत्यक्ष २७० सेंमी. अंतर जातो, असे समजू. ताशी ९० किमी. वेगाने चाकाचे मिनिटाला ५५६ फेरे होतील. आसात ३·५५ असल्यास फेरेमापक सुमारे १,९७०, ३·७३ असल्यास २,०७० आणि ४·५६ असल्यास २,५३० दाखवील. पहिल्या दोहोंतील शंभर फेऱ्यांचा फरक तबकडीवर काट्याच्या जाडीपेक्षा फारसा मोठा नसतो. आता याच गाडीत परीघ २७९ धरला, तर १,९७० फेऱ्यांवरून गुणोत्तर ३·६७ येते, म्हणजे ३·५५ व ३·७३ यांच्या मधले. परिपीडन परिवर्तकाची घसरण धरली, तर आणखी घोळ. म्हणून गुणोत्तर मूळचेच आहे की मोठे घातले आहे, एवढे ठरविण्यास ही चाचणी पुरते. नेमकी संख्या तिच्यावरून सांगू नये. करायचीच तर टायरवर खूण करून गाडी सपाट जमिनीवर एक फेरा ढकलावी व अंतर फितीने मोजावे. वेगही गाडीच्या वेगमापकावरून न घेता उपग्रहाधारित उपकरणावरून घ्यावा.

अंतरमापक : वेगमापकावर विसंबू नये याचे कारण स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात ग्राहकाचे थेट नुकसान दडलेले असते. वेगमापक व अंतरमापक यांना संकेत कोठून मिळतो, यावर त्यांची चूक ठरते. जुन्या गाड्यांत तो दंतचक्र पेटीच्या किंवा ट्रान्सफर केसच्या मागील टोकावरून घेतला जात असे; अशा गाडीत टायर व आस-गुणोत्तर या दोहोंचा परिणाम होतो. ३० इंचांचे टायर ३५ इंची केले व त्याबरोबर ३·५५ चे गुणोत्तर ४·१० केले, तर दोन्ही बदल एकमेकांना जवळजवळ छेदतात आणि मापक एका टक्क्याच्या आत बरोबर राहतो. संकेत मुकुट चक्रावरून किंवा चाकावरून घेतला असेल, तर गुणोत्तराचा काही परिणाम होत नाही व टायरमुळे आलेली सर्व चूक तशीच राहते. तेव्हा मापक ६० मैल दाखवितो तेव्हा गाडी ७० मैलांनी धावत असते आणि एक लाख मैल दाखविणारी गाडी, सुरुवातीपासून मोठे टायर असल्यास, प्रत्यक्षात एक लाख सोळा हजारांहून अधिक मैल चाललेली असते. यात कोणी काटा मागे फिरवलेला नसतो. अमेरिकेच्या १९७२ च्या संघीय कायद्याने अंतरमापकात लबाडी करणे गुन्हा ठरविले व विक्रेत्याने अंतर लेखी कळवावे असे बंधन घातले. १९८६ च्या कायद्याने ही नोंद मालकीपत्रावरच आणली. नोंदीतील आकडा खरे अंतर दर्शवीत नाही, असे विक्रेत्यास माहीत असल्यास तसे लिहिण्याची सोय त्यात आहे. टायर कधी बदलले व मापक पुन्हा जुळवून घेतला का, हे दोन प्रश्न खरेदीदाराने म्हणूनच विचारावेत.

पुढील आस : चारचाकी चालनाच्या पिकअपमध्ये केवळ मागील आस तपासून थांबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. ट्रान्सफर केस पुढील व मागील प्रोपेलर दंड एकमेकांशी घट्ट जोडतो. दोन्ही दंड सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे दोन्ही आसांची गुणोत्तरे सारखी असावी लागतात. कारखाने पुढे ४·०९ (४५ व ११ दाते) व मागे ४·१० अशी जोडी देत आले आहेत. तेवढा पाव टक्क्याचा फरक टायर सहज गिळतात. पण काटकसरीपोटी केवळ मागील आसात ४·५६ घालून पुढे ३·५५ च ठेवलेले असल्यास, चारचाकी चालन लावताच पुढची चाके मागच्यांपेक्षा अडीच दशांशाहूनही अधिक वेगाने जाऊ पाहतात. चिखलात वा वाळूत टायर घसरून निभावते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताण वाढत जातो व सांधा, साखळी, दंतचक्र यांपैकी जे दुबळे असेल ते तुटते. असा विक्रेता चाचणीच्या वेळी चारचाकी चालन लावू देत नाही; ‘कोरड्या रस्त्यावर लावायचे नसते’ हे त्याचे कारण खरेही असते, म्हणूनच ते खपते.

सुदैवाने येथे गाडी उचलण्याचीही गरज नसते. पुढील चाकांची नाभीकुलुपे असल्यास ती लावतात, ट्रान्सफर केस दोनचाकी स्थितीत ठेवतात, दोन्ही प्रोपेलर दंडांवर खडूची खूण करतात व सपाट जमिनीवर गाडी सरळ रेषेत हळूहळू ढकलतात. चारही टायर सारखे असतील, तर मागील दंडाचे दहा फेरे झाले की, पुढील दंडाचेही दहाच व्हावेत. वरील उदाहरणातील गाडीत ते पावणेआठच्या आसपास भरतील. ज्या गाड्यांत पुढील आसाचा एक अर्धदंड निर्वात वा विद्युत् साधनाने वेगळा केला जातो, तेथे पुढील दंड स्थिरच राहील. त्याचा अर्थ गुणोत्तर चुकीचे असा नव्हे. अशा वेळी मागील आसाप्रमाणेच पुढील आसही उचलून, ते साधन जोडलेल्या स्थितीत आणून, फेरे मोजावे लागतात. पुढील चाके उचलताना हातब्रेक मागच्या चाकांवर काम करीत असल्याने तो लावून ठेवता येतो आणि हे काम मागच्यापेक्षा कमी जोखमीचे ठरते. खाली वाकलेच असता उंचीमुळे प्रोपेलर दंडाचा कोन किती तीव्र झाला आहे व सार्वत्रिक सांध्यांत खडखड आहे का, तेही पाहून घ्यावे. नव्या गुणोत्तराच्या आवाजाचा म्हणून जो दोष सांगितला जातो, तो पुष्कळदा या सांध्यांचा असतो.

वजन ओढण्यासाठी गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारखान्याने पुस्तिकेत दिलेली ओढभाराची मर्यादा विशिष्ट आस-गुणोत्तर व मूळ मापाचे टायर धरून दिलेली असते. एकाच नमुन्याच्या गाडीत ३·५५ व ३·७३ यांना वेगवेगळ्या मर्यादा दिलेल्या आढळतात. टायर बदलून परिणामी गुणोत्तर ३·०४ वर आलेल्या गाडीला पुस्तिकेतील कोणतीच मर्यादा लागू होत नाही. योग्य गुणोत्तर घालून चाल परत मिळविता येते. परंतु मोठ्या टायरमुळे ब्रेकच्या तोच जोर असताना जमिनीवर पडणारे रोधबल ज्या प्रमाणात घटते, ते दंतचक्रे बदलून भरून निघत नाही. त्यासाठी ब्रेकचीच वेगळी तपासणी करावी लागते.